मेंदूतल्या गाठीची रेडिओसर्जरी : ठरवलेला डोस ठरलेल्या जागीच पडतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेडिएशन विभागात फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचा डोस मोजणारी आणि तपासणारी, म्हणून काम करते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून नातेवाईकांचे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेश येतात. बहुतेकांची सुरुवात ‘डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं’ अशी असते. काही प्रश्न नव्याने कामाला लागलेल्या फिजिसिस्टांचे असतात. या सगळ्यांपैकी डोस आणि त्याची तपासणी यांविषयीचे प्रश्न इथे घेतले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. खर्चाबद्दल आणि योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तुमच्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा, हे मात्र त्याचे डॉक्टरच ठरवतील.

१. रेडिओसर्जरी म्हणजे ऑपरेशनच का? डोकं उघडतात का?

नाही. नावात सर्जरी असली तरी चिरा नाही, टाका नाही. डोक्याभोवती अनेक दिशांनी किरणांचे बारीक झोत सोडतात. एकेका झोताचा वाटेतल्या मेंदूवर फारसा परिणाम होत नाही. सगळे झोत जिथे एकत्र येतात, त्या गाठीवर मात्र मोठा डोस साचतो. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना आणि हे नाव मांडलं. या उपचाराचं पहिलं यंत्र, गॅमा नाइफ, १९६८ मध्ये स्टॉकहोमला वापरात आलं. त्यात किरण सोडणारे कोबाल्टचे स्रोत असतात, हल्लीच्या यंत्रांत १९२. हाच उपचार लिनॅकवर, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या यंत्रावर होतो आणि सायबरनाइफवरही होतो. सायबरनाइफ म्हणजे रोबोच्या हातावर बसवलेला छोटा लिनॅक.

गावाकडे ज्याला ‘शेक देणं’ किंवा ‘लाईट देणं’ म्हणतात, त्याच कुटुंबातला हा उपचार आहे. फरक एवढाच की तो वीस-तीस दिवस चालत नाही. एकदाच देतात, किंवा फार तर पाच वेळा.

२. शेजारच्या काकांना ३० ग्रे दिले, आमच्या मायला १८च. कमी दिले का?

कमी दिलेले नाहीत. ग्रे हे डोसचं माप. एक किलो ऊतीत एक जूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. काकांना बहुधा पूर्ण मेंदूला रोज ३ ग्रे, असे दहा दिवस दिले असतील. मायला १८ ग्रे एकाच सिटिंगमध्ये, एका छोट्या गाठीवर दिले. दोन सिटिंगांच्या मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःची दुरुस्ती करून घेतात. एकदम दिलं की ती सवड मिळत नाही. म्हणून एका वेळचे १८ हे दहा वेळच्या ३० पेक्षा कितीतरी जड.

शरीराच्या दुसऱ्या भागातून मेंदूत पसरलेल्या गाठींसाठी एका सिटिंगची जुनी आणि आजही वापरात असलेली मर्यादा अशी : २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला २४ ग्रे, २ ते ३ सेंटिमीटरला १८, ३ ते ४ सेंटिमीटरला १५. गाठ मोठी तसा डोस कमी, कारण मोठ्या गाठीबरोबर आजूबाजूचा मेंदूही जास्त भाजतो. श्रवणाच्या नसेवरच्या साध्या गाठीला १२-१३ ग्रे पुरतात. चेहऱ्याच्या नसेच्या असह्य कळा, म्हणजे ट्रायजेमिनल न्युराल्जिया, असेल तर नसेच्या अगदी छोट्या भागावर ८० ग्रेच्या आसपास देतात. म्हणून दोन रुग्णांच्या फायलींवरचे आकडे शेजारी ठेवून ताळा करू नका. एकाच रुग्णासाठी दोन रुग्णालयांचे आकडे वेगळे असतील, तर प्रश्न १४ पाहा.

३. दोन-चार टक्के किंवा मिलिमीटरभर इकडे तिकडे झालं तर काय बिघडतं?

एकूण प्रवासात डोसची चूक साधारण ५ टक्क्यांच्या आत राहावी, असा रेडिएशनच्या क्षेत्रात मान्य झालेला दंडक आहे. या ५ टक्क्यांत यंत्र, मोजमाप, गणित, रुग्ण झोपवणं सगळं येतं, त्यामुळे एकट्या यंत्राच्या वाट्याला फार थोडी सूट उरते.

मिलिमीटरचं गणित त्याहून कडक आहे. रेडिओसर्जरीत गाठीच्या कडेला डोस कड्यासारखा सरळ खाली येतो, एका मिलिमीटरला सहज दहा टक्के. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण कडेच्या पलीकडे निरोगी मेंदू आहे. पण झोत मिलिमीटरभर सरकला तर गाठीची एक कड उपाशी राहते आणि दुसऱ्या बाजूच्या मेंदूला डोस जातो. गाठ दृष्टीच्या नसेला लागून असेल, तर त्या नसेला एका वेळी ८ ते १० ग्रेच्या आत ठेवण्याची काळजी घ्यावी लागते. तिथे मिलिमीटर म्हणजे डोळ्याचा प्रश्न.

४. डोस तपासतं कोण? डॉक्टर की मशीन चालवणारे?

किती डोस द्यायचा आणि कुठे, हे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन ठरवतात. तो डोस यंत्रातून खरोखर तसाच बाहेर येतो की नाही, याची जबाबदारी मेडिकल फिजिसिस्टची. रुग्णाला झोपवून यंत्र चालवतात ते टेक्नॉलॉजिस्ट. देशातल्या प्रत्येक रेडिएशन यंत्राला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. फिजिसिस्ट आणि किरणोत्सार सुरक्षा अधिकारी नेमल्याशिवाय विभाग चालवता येत नाही. रुग्णाला आम्ही फारसे दिसत नाही. आमचं बरंचसं काम पहाटे किंवा ओपीडी संपल्यावर, रिकाम्या खोलीत चालतं.

५. मशीन रोज तपासतात का? काय बघतात?

रोज. पहिला रुग्ण आत येण्याआधी. लिनॅकचा डोस ठरलेल्या मापाच्या ३ टक्क्यांच्या आत आहे का, हे सकाळी पाहतात. महिन्याच्या तपासणीत ही सूट २ टक्के असते आणि वर्षाच्या सखोल तपासणीत १ टक्का.

रेडिओसर्जरीच्या दिवशी आणखी एक चाचणी होते, विन्स्टन-लुट्झ. शेंगदाण्याहून लहान, जड धातूची एक गोळी यंत्राच्या मध्यबिंदूवर ठेवतात. मग यंत्राचं तोंड आणि टेबल वेगवेगळ्या कोनांत फिरवून प्रत्येक वेळी गोळीचं चित्र घेतात. झोताच्या वर्तुळात गोळीची सावली बरोबर मधोमध दिसली पाहिजे. १ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली दिसली तर त्या दिवशी रेडिओसर्जरी होत नाही. माझ्या मते दिवसभरातली सर्वांत प्रामाणिक चाचणी हीच, कारण तिच्यात गणित लपवायला जागा नाही. गोळी मध्यभागी असते किंवा नसते.

६. तुमच्याकडे हवेचा दाब का मोजतात? किरणांचा हवामानाशी काय संबंध?

हा प्रश्न बीएस्सीची मुलं विचारतात आणि नातेवाईकही, कारण कंट्रोल रूममध्ये दाबमापक टांगलेला दिसतो.

डोस मोजण्याचं मुख्य साधन म्हणजे आयन चेंबर, हवेची छोटीशी डबी. किरण आत शिरले की हवेच्या रेणूंतून विद्युतभार सुटे होतात आणि आम्ही ते मोजतो. बहुतेक चेंबर बाहेरच्या हवेला खुले असतात, म्हणून आत किती हवा मावली हे त्या दिवशीच्या दाबावर आणि तापमानावर ठरतं. प्रमाण स्थिती म्हणजे २० अंश सेल्सिअस आणि सुमारे १०१३ मिलिबार.

आता संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे. इथला खरा दाब ९४५ ते ९५० मिलिबारच्या आसपास असतो. त्यामुळे मुंबईच्या मानाने डबीत सहा-सात टक्के हवा कमी, आणि वाचनही तितकंच कमी. ते गुणक लावून दुरुस्त करावं लागतं. लातूर आणखी थोडं उंच, नांदेड बरंच खाली. प्रत्येक गावाचा दाब वेगळा, आणि पावसाळ्यात तो बदलतोही.

यातला सापळा मोबाईलमधला आहे. हवामानाची अ‍ॅप जो दाब दाखवतात तो समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो. आपल्याकडे उभं राहून पाहिलं तरी तिथे १००८-१०१० असाच आकडा येतो. मी शिकत होते तेव्हा एका रुग्णालयातला दाबमापक बंद पडला होता. मी मोबाईलवरचा आकडा घातला आणि यंत्राचा डोस सहा टक्क्यांनी कमी भरला. मी तो वाढवायला निघाले होते. माझ्या वरिष्ठ मॅडमनी सकाळच्या तपासणीचा कागद समोर धरला. यंत्र काल होतं तसंच होतं, चूक माझ्या दाबात होती. तो आकडा वाढवला असता तर पुढच्या प्रत्येक रुग्णाला सहा टक्के जास्त गेले असते. तेव्हापासून जवळपास दुसरा तपासलेला दाबमापक असल्याशिवाय मी मोजमाप सुरू करत नाही.

तापमानही तसंच. ३ अंशांच्या चुकीने जवळपास १ टक्का फरक पडतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी भरून लगेच मोजायला बसलात, तर खोली २३ अंशांवर आणि पाणी ३५ वर असतं. म्हणून पाण्याची टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवायची.

७. छोट्या गाठींसाठी डोस मोजणं जास्त अवघड का म्हणतात?

ही या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

यंत्राचं मूळ माप १० बाय १० सेंटिमीटरच्या चौकोनी झोतात घेतात. त्यासाठी लागणाऱ्या नेहमीच्या चेंबरची पोकळी दोन सेंटिमीटरहून अधिक लांब असते. रेडिओसर्जरीचा झोत मात्र एखादा सेंटिमीटर, कधी पाच मिलिमीटर. एवढ्या लहान झोतात तोच चेंबर ठेवला तर त्याचा काही भाग झोतात आणि काही झोताबाहेर राहतो. तो दोन्हींची सरासरी सांगतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका शिवारात ढगफुटी होते आणि तालुक्याच्या सरासरीत ती दिसतच नाही. चेंबरच्या सरासरीतही झोताचा खरा जोर असाच हरवतो.

परिणाम उलटा होतो, म्हणून तो धोकादायक. डोस खऱ्यापेक्षा कमी दिसतो, संगणकाला वाटतं यंत्र दुबळं आहे, आणि तो जास्त वेळ किरण सोडायला सांगतो. रुग्णाला जास्त डोस जातो. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात एप्रिल २००६ ते एप्रिल २००७ या काळात छोट्या झोतांचं माप अयोग्य साधनाने घेतलं गेलं आणि १४५ रुग्णांना जास्त डोस गेला. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये चुकीच्या चेंबरमुळे २००४ ते २००९ या काळात ७६ रुग्णांना सुमारे ५० टक्के जास्त डोस मिळत राहिला. पाच वर्षं! दोन्ही ठिकाणी सकाळची तपासणी रोज बरोबर येत होती, कारण सकाळी पाहतात ते यंत्र कालच्यासारखंच आहे का एवढंच. पाया चुकलेला असेल तर रोजची तपासणी ती चूक इमानेइतबारे टिकवून ठेवते.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१७ मध्ये खास छोट्या झोतांसाठी मोजमापाची पद्धत घालून दिली. कोणत्या आकाराच्या झोतात कोणता डिटेक्टर (डोस मोजणारं साधन) आणि कोणता गुणक, हे त्यात आहे. नव्या फिजिसिस्टांना माझं सांगणं : छोटा झोत एकाच साधनाने मोजून पुढे जाऊ नका. डायोड, हिऱ्याचा डिटेक्टर, अगदी बारीक चेंबर, फिल्म यांतल्या किमान दोन वेगळ्या जातीच्या साधनांचे आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर यंत्र रुग्णांसाठी सुरू करायचं नाही, वरून कितीही घाई असो.

८. प्लॅन तयार झाला तरी ‘उद्या या, परवा या’ का सांगतात?

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतून आलेले असे फोन मी बरेच घेतले आहेत. मुक्कामाचा एकेक दिवस किती जड जातो, ते मला माहीत आहे. तो दिवस असा खर्च होतो.

तुमच्या रुग्णाचा प्लॅन, म्हणजे संगणकावर केलेली उपचाराची आखणी, आधी त्याच्यावर चालवत नाहीत, फँटमवर चालवतात. फँटम म्हणजे डोक्याऐवजी ठेवलेला प्लास्टिकचा ठोकळा. त्यात फिल्म किंवा बारीक डिटेक्टर ठेवून हुबेहूब उपचार चालवतात आणि संगणकाने सांगितलेला डोस प्रत्यक्ष पडला का ते पाहतात. किरण लागलेली फिल्म काळसर होते, पण तिचा रंग पुढचे काही तास गडद होत राहतो. म्हणून ती बहुधा दुसऱ्या दिवशी स्कॅन करतात. शिवाय हे काम रुग्णांची रांग संपल्यावरच करता येतं. डोक्याला फ्रेम लावून (प्रश्न १२ पाहा) त्याच दिवशी उपचार करायचा असेल तर इतका वेळ नसतो. तिथे दुसऱ्या स्वतंत्र सॉफ्टवेअरने डोस पुन्हा काढून ताळा करतात.

९. रिपोर्टवर ‘९७ टक्के पास’ लिहिलंय. मग ३ टक्के चुकलंय का?

तसा अर्थ नाही. या तुलनेला गॅमा निर्देशांक म्हणतात. फिल्मवरचा प्रत्येक बिंदू संगणकाच्या नकाशाशी ताडतात, आणि डोसमध्ये काही टक्के, जागेत काही मिलिमीटर एवढी सूट देतात. त्या सुटीत बसणारे बिंदू पास. नेहमीच्या रेडिएशनसाठी ३ टक्के आणि २ मिलिमीटर ही सूट आणि ९५ टक्के बिंदू पास हा दंडक रूढ आहे. रेडिओसर्जरीत जागेची सूट १ मिलिमीटरवर आणतात.

एकूण टक्केवारीवर मात्र मी स्वतः विसंबत नाही. गाठ छोटी असली की फिल्मवरचे बहुतेक बिंदू गाठीबाहेरचेच असतात. ते सगळे पास होतील आणि नापास झालेले नेमके गाठीच्या मध्यातले असतील, असंही होऊ शकतं. म्हणून नापास बिंदू कुठे आहेत आणि मध्यबिंदूचा प्रत्यक्ष डोस किती भरला, हे वेगळं पाहावं लागतं.

१०. सगळी साखळी एकदम तपासायची काही सोय आहे का?

आहे. नकली डोकं घेतात आणि त्याला रुग्णासारखंच वागवतात. सीटी काढतात, आत लपवलेलं लक्ष्य चितारतात, प्लॅन करतात, मास्क लावून टेबलावर ठेवतात, किरण देतात, मग आतली फिल्म काढून डोस कुठे आणि किती पडला ते पाहतात. यंत्र बरोबर, सीटी बरोबर, सॉफ्टवेअर बरोबर, आणि तरी तिघांच्या जोडणीत डावं-उजवं उलटलेलं, असं फक्त या चाचणीत सापडतं. यंत्र नवीन आल्यावर, दरवर्षी आणि सॉफ्टवेअर बदललं की ती करायलाच हवी.

११. दोन महिन्यांपूर्वीचा एमआरआय आहे. पुन्हा का काढायला लावतात?

दुसरीकडून आलेली गाठ दोन महिन्यांत वाढू शकते किंवा शेजारी नवी उगवू शकते. जुन्या चित्रावर केलेला प्लॅन जुन्या गाठीवर अगदी अचूक बसेल, आजच्या गाठीवर नाही. शिवाय प्लॅनसाठीचा एमआरआय वेगळा असतो. साधारण १ मिलिमीटरचे काप, डोक्याच्या टोकापासून टोकापर्यंत, मधे अंतर न सोडता. एमआरआयच्या चित्राला, विशेषतः कडेला, थोडा बाक येतो. म्हणून तो सीटीवर बसवून हाडांच्या आणि पोकळ्यांच्या कडा जुळतात का ते डोळ्यांनी पाहतात. नांदेडहून निघताना जुनी सीडी बरोबर घ्याच, तुलनेला लागते. पण नवा एमआरआय काढावा लागला तर तो उगाच लावलेला खर्च समजू नका.

१२. डोक्याला स्क्रू लावून फ्रेम बसवतात ते चांगलं की मास्क?

फ्रेम चार ठिकाणी जागा बधिर करून कवटीला घट्ट बसवतात. डोकं हलायला वावच राहत नाही, पण सगळं एका दिवसात उरकावं लागतं. मास्क तापवलेल्या प्लास्टिकचा, चेहऱ्यावर साचा घेतलेला. तो आरामाचा, तीन किंवा पाच सिटिंगांना सोयीचा, मात्र त्यात डोकं किंचित हलू शकतं. म्हणून मास्कसोबत टेबलावरच सीटीसारखं चित्र घेऊन डोकं मिलिमीटरच्या अंशापर्यंत सरकवून बसवतात, आणि काही ठिकाणी उपचार चालू असताना कॅमेऱ्याने चेहऱ्यावर नजर ठेवतात. चित्र घेण्याची सोय पक्की असेल तर मास्क वापरायला माझी हरकत नसते. ती सोय नसेल तर नुसत्या मास्कच्या भरवशावर एका सिटिंगची रेडिओसर्जरी मला पटत नाही.

१३. केस कापावे लागतात का? तेल लावलं तर चालेल का?

मास्कसाठी केस कापावे लागत नाहीत. पण साचा घेताना केस मोकळे होते आणि उपचाराला येताना घट्ट वेणी किंवा अंबाडा असेल, तर डोकं मास्कमध्ये त्याच जागी बसत नाही. दोन्ही दिवशी केस सारखेच ठेवा, आणि त्या दिवशी तेल नको.

एक गोष्ट नातेवाईक सांगायला विसरतात. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोनच्या गोळ्या चालू असतात. त्यांनी आठवड्या-दोन आठवड्यांत चेहरा सुजतो, गाल भरतात. मास्क आवळतो, किंवा गोळ्या कमी झाल्या की सैल होतो. ‘मास्क टोचतोय’, ‘मास्क ढिला वाटतोय’ असं रुग्ण म्हणाला तर लगेच टेक्नॉलॉजिस्टला सांगा. भिडेने गप्प बसू नका. गरज पडली तर मास्क नवा करतात.

१४. मुंबईत १८ ग्रे सांगितले, हैदराबादलाही १८च. मग उपचार सारखाच ना?

कदाचित नाही. १८ हा आकडा गाठीच्या कडेचा असतो. आतमध्ये डोस चढत जातो आणि किती चढू द्यायचा, हे ठिकाणानुसार बदलतं. गॅमा नाइफमध्ये कडेला बहुधा ५० टक्क्यांची रेषा धरतात, म्हणजे कडेला १८ असतील तर मध्यावर ३६ ग्रे. लिनॅकवर बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या आसपासची रेषा धरतात. तिथे कडेला १८, मध्यावर साडेबावीस. दोन्ही पद्धती मान्य आहेत. फाईल दुसरीकडे नेताना म्हणूनच फक्त ग्रे लिहून चालत नाही. ग्रे किती, कोणत्या टक्क्याच्या रेषेला आणि किती सिटिंगमध्ये, असे तीन आकडे हवेत.

१५. एकाच वेळी पाच गाठींवर देणार म्हणतात. नेम पाचही ठिकाणी बसतो का?

बसतो, पण इथे एक वेगळी चूक डोकं वर काढते, फिरण्याची. एकच गाठ यंत्राच्या मध्यबिंदूवर असेल तर डोकं अंशभर फिरलं तरी गोल गाठीचं फारसं बिघडत नाही. पाच गाठींसाठी एकच मध्यबिंदू धरला की काही गाठी त्यापासून दूर राहतात. ५ सेंटिमीटर दूरच्या गाठीचा नेम १ अंश फिरण्याने जवळपास ०.९ मिलिमीटर सरकतो. म्हणून अशा उपचाराला टेबल सहा दिशांनी दुरुस्त होणारं हवं, म्हणजे तीन सरकण्याच्या आणि तीन झुकण्या-फिरण्याच्या. विन्स्टन-लुट्झची चाचणीही मध्यबिंदूपासून दूर ठेवलेल्या गोळ्यांवर करायला हवी (मूळ चाचणी प्रश्न ५ मध्ये आहे). डॉक्टरांना थेट विचारा : ‘दूरच्या गाठीसाठी वेगळी तपासणी केली का?’

१६. उपचार चालू असताना वीज गेली तर?

लिनॅक बंद पडला की किरणही त्याच क्षणी बंद. उरलेले किरण असं काही आत राहत नाही, आणि रुग्णही किरणोत्सारी होत नाही. किती डोस गेला हे दोन स्वतंत्र मापक मोजत असतात आणि आकडा जपला जातो. वीज आली की रुग्णाची जागा पुन्हा चित्र घेऊन तपासायची आणि फक्त उरलेला भाग द्यायचा. जनरेटरवर गेल्यावर लगेच सुरू करणं मला मान्य नाही. यंत्र स्थिरावू द्यायचं, डोस तपासायचा, मग पुढे.

१७. दिराला गॅमा नाइफवर २० मिनिटं लागली होती, मला चाळीस. माझा डोस दुप्पट झाला का?

डोस तोच असू शकतो. कोबाल्ट-६० हळूहळू मंदावतो. दर महिन्याला सुमारे १ टक्का, आणि ५.२७ वर्षांत तो अर्ध्यावर येतो. स्रोत जुना झाला की तोच डोस द्यायला वेळ जास्त लागतो, आणि संगणक तो तारखेनुसार धरतो. गाठीचा आकारही वेगळा असतो. लिनॅकला हा प्रश्न नाही.

१८. बाहेरून कोणी तपासतं का, की रुग्णालयच स्वतःला पास करतं?

चेंबर ठरावीक मुदतीने मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मापांशी ताडून आणावा लागतो. त्याशिवाय टपालाने होणारी तपासणी आहे. डोसची आठवण धरून ठेवणारी पूड छोट्या कुपीत येते, आम्ही तिला ठरलेला डोस देऊन परत पाठवतो आणि त्यांचा आकडा आमच्याशी जुळतो का ते कळतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून अशी तपासणी चालवतात. भारतात ती भाभा केंद्र करतं.

इथे एक सावधगिरी. ही टपाल तपासणी नेहमीच्या मोठ्या झोतात होते. प्रश्न ७ मधली चूक तिच्यात सापडेलच असं नाही. म्हणून रेडिओसर्जरी सुरू करण्याआधी दुसऱ्या केंद्रातल्या फिजिसिस्टला त्याच्या साधनांसह बोलवावं आणि छोटे झोत नव्याने मोजून घ्यावेत. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. मी स्वतः बोलावलं आहे आणि दुसऱ्यांकडे गेलेही आहे.

१९. बार्शीला किंवा संभाजीनगरला आधी शेक घेतलाय. नव्या ठिकाणी काय सांगू?

सगळं सांगा आणि कागदाशिवाय जाऊ नका. मेंदूने आधी घेतलेला डोस हिशेबातून जात नाही, वर्षं गेली तरी. उपचाराचा सारांश तर मागाच, शिवाय प्लॅनची सीडी मागा. त्यात सीटी, रेखाटलेली गाठ आणि डोसचा नकाशा हे सगळं हवं. ‘३० ग्रे दिले’ एवढ्या ओळीवर नव्या फिजिसिस्टला दृष्टीच्या नसेला आधी किती गेलं ते काढता येत नाही. त्यामुळे तो घाबरत कमी डोस देईल, किंवा उपचारच नाकारेल.

२०. तीन महिन्यांनी एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसते. डोस चुकला का?

केवळ त्यावरून तसं म्हणता येत नाही. किरणांनी मेलेल्या पेशींभोवती सूज येते आणि गाठ काही महिने मोठी दिसू शकते. कधी आजूबाजूच्या मेंदूचा थोडा भाग मरतो. त्याला रेडिओनेक्रोसिस म्हणतात आणि तो बरोबर डोस देऊनही होऊ शकतो. १२ ग्रेपेक्षा जास्त डोस मेंदूच्या किती घनसेंटिमीटरला गेला, यावर त्याची शक्यता बरीच ठरते. रक्तवाहिन्यांच्या गुंत्याला, एव्हीएमला, बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. मधल्या एमआरआयने निराश होऊ नका. शंका असेल तर त्या दिवशीच्या तपासणीची नोंद मागा, ती ठेवलेली असते.

२१. डोस खरंच चुकला असेल तर आम्हाला सांगतात का?

सांगायलाच हवं. चूक लक्षात आली की उपचार थांबवायचा, नोंद करायची, डॉक्टरांना सांगायचं, नियामक मंडळाला कळवायचं आणि रुग्णाला समोर बसवून बोलायचं. पाच सिटिंगांच्या उपचारात पहिल्या दिवशीची छोटी तूट उरलेल्या चार दिवसांत भरून काढता येते. एका सिटिंगच्या उपचाराला पुढचा दिवसच नसतो. म्हणून त्या दिवशी दोन फिजिसिस्टांनी वेगवेगळं बसून तपासायचं आणि दोघांनी कागदावर सही करायची. तुमच्या फाईलमध्ये तो कागद आहे का, हे उपचाराच्या सकाळी विचारा. विचारल्याने कोणी रागावणार नाही. रागावलंच, तर विभागप्रमुखांना भेटा आणि तो कागद पाहिल्याशिवाय रुग्णाला आत पाठवू नका.